उमेदवार

आपल्या जिल्ह्यात पुणतांबे येथे गोदावरीच्या तीरी योगी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या ह्या योग्याची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानी आल्यावर त्यांना पत्र लिहावे असे चांगदेवांच्या मनात आले. पण लेखणी मायन्यापाशीच अडली. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने थोर. ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने केवळ बालक. अखेरीस त्यांनी कोरा कागदच पाठवून दिला. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले आणि मराठीला 'चांगदेव पासष्टी' लाभली.

परंतु कोऱ्या कागदाचे असे उत्तर देणारा ज्ञानेश्वर प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. आपल्या धर्मग्रामातील तरुण-तरुणी नोकरीसाठी जी पत्रे लिहितात, ती वाचताना मला पुष्कळदा चांगदेवांच्या कागदाची आठवण होते. 'वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, आपल्या संस्थेत जागा रिक्त असल्याचे समजले. माझी शैक्षणिक पात्रता सोबत जोडली आहे. तरी मला सेवेची संधी द्यावी ही नम्र विनंती.' खाली सही. नाव बदलले की हेच पत्र शंभर जणांना चालते. कागद अक्षरांनी भरलेला असतो; पण लिहिणारा माणूस त्यात कोठेच नसतो. म्हणजे तोही एका अर्थी कोराच कागद.

धर्मगुरूने नोकरीच्या अर्जावर लेख लिहावा ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण धर्मगुरूच्या कचेरीत जी माणसे येतात, त्यांतील निम्मी कागदासाठी येतात. बाप्तिस्म्याचा दाखला, विवाहाचा दाखला, आणि त्या खालोखाल 'चिठ्ठी'. "फादर, तेवढी चिठ्ठी द्या. बाकी साहेब समजून घेतील," हे वाक्य मी माझ्या सेवाकाळात किती वेळा ऐकले असेल ह्याची गणती नाही.

ह्या चिठ्ठीला आपल्या समाजात मोठा इतिहास आहे. ज्या वाड्या-वस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पोहोचू दिले गेले नव्हते, तेथे मिशनच्या शाळा निघाल्या, बोर्डिंगे निघाली. जर्मन जेझुइट धर्मगुरू हेन्री डोरिंग ह्यांनी १९०३ साली 'निरोप्या' मासिक सुरू केले आणि साध्या कुटुंबांच्या हाती छापील मराठी आली. तरीही गावाबाहेरच्या जगात आपल्या माणसाची ओळख सांगणारे दुसरे कोणी नव्हते. ती ओळख फादरच्या चिठ्ठीने सांगितली. त्या चिठ्ठ्यांनी किती चुली पेटल्या, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावे.

माझ्या स्वतःच्या घरची चूल त्यांपैकीच एक. माझ्या वडिलांना साखर कारखान्यात जी नोकरी लागली, ती एका वृद्ध धर्मगुरूंच्या चिठ्ठीने. वडील ती चिठ्ठी रुमालात गुंडाळून, छातीशी धरून पायी घेऊन गेले होते. पत्र इंग्रजीत होते. वडिलांना इंग्रजी येत नव्हते. स्वतःविषयी लिहिलेले पत्र स्वतःच नेऊन द्यायचे, पण त्यात काय लिहिले आहे ते ठाऊक नाही, अशी ती अवस्था. पुष्कळ वर्षांनी कारखान्यातील एका कारकुनाने त्यांना सांगितले, 'हा मनुष्य गरीब पण प्रामाणिक आहे, त्याच्यावर दया करावी,' एवढेच त्यात होते. वडिलांनी ते ऐकून घेतले. त्या धर्मगुरूंविषयी त्यांच्या मनात शेवटपर्यंत कृतज्ञताच होती, आणि ती माझ्याही मनात आहे. पण उसाने भरलेल्या बैलगाडीकडे नुसते पाहून तिचे वजन सांगणारा, बैलाच्या चालीवरून त्याच्या खुराचे दुखणे ओळखणारा माणूस त्या पत्रात नव्हता. तेथे होता फक्त 'गरीब पण प्रामाणिक'. त्यातील 'पण' हा शब्द मला अजूनही सलतो. जणू गरिबाने प्रामाणिक असणे हा अपवाद, आणि त्याची हमी दुसऱ्याने द्यावयाची!

शिफारसपत्र ही निषिद्ध गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर संत पौलच आडवा येईल. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरच्या अध्यायात त्याने किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस केली आहे. फिलेमोनास लिहिलेले छोटे पत्र तर जवळजवळ संपूर्णच अनेसिम ह्या दासासाठी घातलेली गळ आहे. पण तोच पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विचारतो की, आम्हांला शिफारसपत्रांची गरज आहे काय. आणि पुढे सांगतो की, तुम्हीच आमचे पत्र आहात, शाईने नव्हे तर अंतःकरणावर लिहिलेले. ह्या दोहोंत विरोध नाही. दुसऱ्याने आपल्याविषयी बोलावे ह्यालाही स्थान आहे. परंतु माणसाचे खरे पत्र म्हणजे त्याने केलेले काम. नोकरीच्या अर्जासोबतचे चांगले पत्र ह्याहून वेगळे काही करीत नाही. आपण केलेले काम ते आपल्या शब्दांत, वाचणाऱ्याच्या गरजेकडे लक्ष ठेवून मांडते.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून घरी आली. तिचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. मुलगी आजीपाशी राहून शिकलेली. पुण्याच्या एका रुग्णालयाची जाहिरात घेऊन ती आली आणि तिनेही चिठ्ठीच मागितली. मी म्हटले, "आधी तुझे पत्र दाखव." तिने दाखविलेल्या मसुद्याची पहिली ओळ होती, 'मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझे आईवडील ऊसतोड मजूर आहेत.'

मी विचारले, "बाळ, हे खोटे नाही. पण रुग्णालयाला परिचारिका कशासाठी हवी आहे?"

"रुग्णांसाठी," ती म्हणाली.

"मग रुग्णाला तुझा काय उपयोग, ते ह्यात कोठे आहे?"

ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. "लिहिण्यासारखे काही नाही, फादर," असे तिचे म्हणणे. मी एकेक विचारत गेलो. प्रशिक्षणात कोणत्या विभागांत काम केलेस? रात्रपाळी किती महिने? तेव्हा हळूहळू बाहेर आले की, शस्त्रक्रियेनंतरच्या कक्षात तिने चार महिने रात्रपाळी केली होती. पाळी बदलताना प्रत्येक रुग्णाची औषधे, सलाईन आणि तपमान पुढच्या परिचारिकेला नीट कळावे म्हणून तिने एका वहीत रकाने आखले होते, आणि मुख्य परिचारिकेने तीच पद्धत साऱ्या कक्षात लावली होती. घरी आजीला मधुमेह. तिला इन्सुलिन देणे, तिच्या पायांची जखम जपणे हे ती शाळेपासून करीत आली होती. लिहिण्यासारखे काही नाही म्हणणाऱ्या मुलीपाशी हे सारे होते!

पुढे तिने पत्र स्वतःच लिहिले. तीन वेळा लिहिले. गरिबीची ओळ गळून पडली. त्या जागी जाहिरातीचा दिनांक, पदाचे नाव आणि नर्सिंग कौन्सिलकडील आपल्या नोंदणीचा उल्लेख आला. मग रात्रपाळी आणि ती वही. मग 'शस्त्रक्रिया विभागात काम करण्याची माझी इच्छा आहे आणि पंधरा दिवसांत मी रुजू होऊ शकेन' एवढेच. अवघे एक पान. ते पत्र तिने तीन रुग्णालयांना पाठविले, प्रत्येकासाठी थोडे बदलून. दोघांकडून काहीच उत्तर आले नाही. तिसऱ्याने बोलाविले, आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न विचारला गेला तो वहीतील रकान्यांविषयी. आज ती तेथे काम करीत आहे. तिचे आईवडील काय करतात ते तिने मुलाखतीत विचारल्यावर सांगितले, मान वर ठेवून सांगितले. लपविण्यासारखे त्यात काही नव्हतेच. फक्त दयेच्या याचनेसाठी त्याचा वापर करावयाचा नव्हता.

ह्या पत्रांचे मर्म काय, ते जगातील दोन जुन्या अर्जांवरून मला उमगले. पहिला लिओनार्दो दा विंची ह्याचा. सुमारे १४८२ साली मिलानच्या लुदोविको स्फोर्झा ह्याला उद्देशून त्याने तयार केलेला मसुदा आजही उपलब्ध आहे. जग ज्याला चित्रकार म्हणून ओळखते, त्याने त्या पत्रात चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी केला आहे. आधी एकामागून एक मुद्दे आहेत ते हलके पूल, तोफा, वेढा आणि बोगदे ह्यांचे. कारण ज्याच्याकडे नोकरी मागावयाची, त्याला त्या काळी युद्धाची चिंता होती. आपल्याला काय येते ते सारेच सांगत बसू नये. समोरच्याला काय हवे आहे ते आधी ओळखावे, हा त्यातील धडा.

दुसरा अर्ज आपल्या देशातील. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी श्रीनिवास रामानुजन ह्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. आपण मॅट्रिक झालो, पुढील शिक्षण प्रतिकूल परिस्थितीमुळे पुरे करता आले नाही, मधल्या काळात सारा वेळ गणिताला दिला, आणि हे काम आपण समाधानकारकपणे करू शकू, एवढेच त्यांनी सांगितले. सोबत एका प्राध्यापकांचे शिफारसपत्र जोडले. १ मार्चपासून ते तीस रुपये पगारावर रुजू झाले. अपुऱ्या शिक्षणावर त्यांनी पांघरूण घातले नाही आणि त्याचे रडगाणेही गायिले नाही. एका वाक्यात सत्य सांगितले व पुढच्या वाक्यात त्या काळात काय केले ते सांगितले. बारावीला एकदा अनुत्तीर्ण झालेल्या, किंवा घरच्या आजारपणासाठी दोन वर्षे शिक्षण सोडलेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. मध्ये गेलेली वर्षे लपवू नयेत. त्या वर्षांत शेतावर, दुकानात, गॅरेजमध्ये जे केले ते लिहावे.

पालकांच्या उपयोगासाठी चार व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. शासकीय भरतीत ठराविक नमुन्यातच अर्ज करावा लागतो. तेथे असे पत्र लागत नाही. ते लागते खासगी कारखाना, रुग्णालय, शाळा, पतसंस्था अशा ठिकाणी. पत्र एका पानाहून मोठे नसावे. ज्या अधिकाऱ्याकडे अर्ज जावयाचा त्याचे नाव जाहिरातीत असेल तर त्याच नावाने लिहावे. नसेल तर 'महोदय' पुरेसे आहे, चांगदेवांसारखे अडून बसू नये. कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते पहिल्याच वाक्यात यावे. बायोडाटात जे आहे ते पुन्हा उतरवू नये. त्यातील एक-दोन कामे निवडून ती कोठे, किती काळ व कशी केली ते सांगावे. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' असे लिहिण्याने कोणी मेहनती ठरत नाही; पहाटे चारला उठून दूध घालून कॉलेज पुरे केले असे लिहिले की वाचणारा स्वतःच ते ठरवितो. येत नसलेली गोष्ट येते म्हणून लिहू नये. इंग्रजी मोजकेच येत असेल तर छोटी, शुद्ध वाक्ये लिहावीत; उसन्या अवजड शब्दांनी मुलाखतीत फजिती होते. दूरध्वनीचा क्रमांक चालू असावा. आणि पाठविण्यापूर्वी ते पत्र दुसऱ्या कोणालातरी मोठ्याने वाचून दाखवावे. चुका कानाला आधी कळतात.

अलीकडे आणखी एक सोय झाली आहे. फोनवरील यंत्राला सांगितले की ते क्षणात गुळगुळीत इंग्रजी पत्र लिहून देते. शुद्धलेखन तपासण्यासाठी त्याची मदत घेण्यास हरकत नाही. पण त्याच्याकडून सारेच पत्र लिहून घेणे म्हणजे माझ्या वडिलांच्या रुमालातील चिठ्ठीकडे परत जाणे होय: पत्र आपले, नेणारे आपण, आणि आत काय आहे ते आपल्याला ठाऊक नाही! आणखी एक सावधगिरी. नोकरी लावून देतो म्हणून कोणी आधी पैसे मागितले, तर ते पत्र किंवा तो फोन कितीही साहेबी थाटाचा असला तरी त्याच्यापासून दूर राहावे.

आता एक कठीण प्रश्न. पदविका झालेल्या एका तरुणाने मला सरळच विचारले, "फादर, आमचे आडनाव वाचूनच कागद बाजूला ठेवतात. मग पत्र चांगले काय आणि वाईट काय?" ह्या प्रश्नाला गोड उत्तर देऊन मोकळे होता येत नाही. आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकन अभ्यासक पॉल ॲटवेल ह्यांनी ह्याच प्रश्नाचा छडा लावला होता. इंग्रजी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. तुल्य पात्रतेच्या अर्जांवर नावे तेवढी निराळी घातली: काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणे येण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर ०.६७ होते आणि मुस्लिम नावाला ०.३३. म्हणजे त्या तरुणाचे म्हणणे निव्वळ मनाचा खेळ नव्हता. समान संधीची घटनेतील हमी शासकीय नोकरीपुरती आहे. खासगी मालकाच्या दारापर्यंत ती तशी पोहोचत नाही.

मी त्याला म्हटले, "ती भिंत तुझ्या पत्राने पडणार नाही. ती पाडण्यासाठी कायदा हवा, संघटना हवी, आणि ते काम आपण सर्वांनी मिळून करावयाचे आहे. पण तो कागद हाती घेणारा प्रत्येक जण भिंत नसतो. जो वाचणारा आहे, त्याला वाचावयास काहीतरी मिळाले पाहिजे." आडनाव बदलावे काय, असेही त्याने विचारले. तो निर्णय ज्याचा त्याचा. परंतु ज्या नावाने बाप्तिस्मा झाला आणि ज्या आडनावाने आजोबांनी ओझी वाहिली, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, एवढे मी त्याला सांगितले.

ह्याच प्रसंगाने आपल्यातील दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही काही सांगावेसे वाटते. आपल्या धर्मप्रांतात शाळा आहेत, दवाखाने आहेत, संस्था आहेत. आपल्यापैकी पुष्कळ जण आज मुख्याध्यापक आहेत, व्यवस्थापक आहेत, संस्थांच्या समित्यांवर आहेत. म्हणजे अर्ज करणाऱ्यांबरोबरच अर्ज वाचणारेही आपल्यात आहेत. आलेला प्रत्येक अर्ज आपण शेवटपर्यंत वाचतो काय? नाव किंवा गाव पाहून आपलाही हात थबकतो काय? ज्याची निवड झाली नाही त्याला दोन ओळींचे उत्तर पाठवितो काय? नकाराचे पत्रही माणसाला माणूस म्हणून ओळखल्याची खूण असते. उत्तरच न येणे मात्र फार खोल जाते; आपले अस्तित्वच कोणी नोंदविले नाही असे तरुण मनाला वाटू लागते. दुसऱ्यांच्या दारातील भिंतीविषयी तक्रार करताना आपल्या दाराकडेही पाहणे आवश्यक आहे.

'अर्ज' आणि 'उमेदवार' हे दोन्ही शब्द आपल्याकडे दरबारी भाषेतून आले. अर्ज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर झुकलेली मान येते. परंतु उमेदवार ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ आहे, उमेद बाळगणारा. आशा हा आपल्या श्रद्धेत सद्‌गुण मानला आहे, आणि आशा धरणारा मनुष्य भिकारी नसतो. तो आपल्याजवळचे काहीतरी देऊ करीत असतो आणि त्याचा मोबदला मागत असतो. हा फरक ज्या तरुणाला कळला, त्याच्या पत्रातील 'कृपया दया करावी' आपोआप निघून जाते, आणि त्याची मुलाखतीच्या खोलीत शिरण्याची चालही बदलते.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून व कारखान्यातून निवृत्त झालेली माणसे आहेत. परीक्षांचे निकाल लागल्यावर रविवारच्या मिस्सानंतर तासभर त्यांनी एकेका मुलाजवळ बसावे. पत्र लिहून देऊ नये. फक्त प्रश्न विचारावेत. तू काय केलेस? कोठे केलेस? कोणाच्या उपयोगी पडले? उत्तरे त्याच्यापाशी असतात. ती विचारणारा कोणी भेटलेला नसतो.

चिठ्ठी मी आजही देतो, आणि पुढेही देईन. आता मात्र आमच्या कचेरीत त्यासाठी एक अट आहे. चिठ्ठी मागणाऱ्याने आधी स्वतःचे पत्र लिहून आणावयाचे आणि मला वाचून दाखवावयाचे. माझी चिठ्ठी त्याच्या पत्राच्या मागे जोडली जाते, पुढे नाही. आणि ती मराठीत असो वा इंग्रजीत, पाकिटात घालण्यापूर्वी मी ती त्याला वाचून दाखवितो.